यूकॅसचे शिफारसपत्र: दुसरा भाग कोरा सोडण्याआधी विचारा

ब्रिटनमधील विद्यापीठांसाठी यूकॅसमार्फत, म्हणजे तिथल्या सामाईक प्रवेश-अर्ज यंत्रणेमार्फत, अर्ज करणारे एक-दोन विद्यार्थी आपल्याकडच्या कनिष्ठ महाविद्यालयांतूनही निघतात आणि त्यांच्या शिफारसपत्राचे, म्हणजे मुलांच्या भाषेत एलओआरचे, काम बहुधा एखाद्या विषयशिक्षकाच्या गळ्यात पडते. ज्यांच्याकडे ते येईल त्यांनी आधी जुना मसुदा बाजूला ठेवावा, कारण 2024च्या प्रवेशांपासून एकसंध पत्र बंद होऊन त्याच्या जागी तीन भाग आले आहेत. पहिला भाग महाविद्यालयाविषयी, दुसरा विद्यार्थ्याच्या अभ्यासावर परिणाम झालेल्या अडचणींविषयी आणि तिसरा त्याच्याविषयी सांगण्याजोग्या इतर बाबींविषयी आहे. पहिला सक्तीचा, उरलेले दोन ऐच्छिक, आणि तिन्ही मिळून मर्यादा 4000 चिन्हांची (कॅरेक्टर्स).

दुसरा भाग ऐच्छिक आहे म्हणून तो कोरा सोडण्याआधी विद्यार्थ्याला विचारा. गेल्या खेपेस माझ्याकडून नेमके हेच राहिले: अकरावीत गुण घसरलेल्या मुलीच्या घरी त्या वर्षी दीर्घ आजारपण होते, हे अर्ज गेल्यानंतर कळले, आणि पाठवलेले शिफारसपत्र अर्जात बदलता येत नसल्यामुळे विद्यापीठांना एकेक करून कळवत बसावे लागले. आपली मुले असल्या गोष्टी आपण होऊन सांगत नाहीत. ‘काही अडचण आहे का?’ असे वर्गाच्या दारात विचारले तर ‘नाही सर’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून निवांत बसवून, आजारपण, घरातील मृत्यू, स्थलांतर, मध्येच बदललेले महाविद्यालय अशी नावे घेऊन विचारा. जे लिहाल ते त्याला वाचून दाखवा आणि त्याची संमती लेखी घ्या, कारण ती माहिती त्याची आहे आणि संमतीवाचून ती पाठवण्याचा आपल्याला अधिकार नाही. काहीच नसेल तर भाग खुशाल रिकामा राहू द्या, पण विचारल्यावर.

पहिल्या भागाला वेळ द्या. एकदा नीट लिहिला की त्या वर्षीच्या सगळ्या अर्जांना चालतो. तिकडच्या प्रवेश अधिकाऱ्याला आपली व्यवस्था ठाऊक असेलच असे धरून चालू नका. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, अकरावीची परीक्षा महाविद्यालय घेते पण बारावीची मंडळ घेते, भौतिकशास्त्रासारख्या विषयात 70 गुण लेखी आणि 30 प्रात्यक्षिकाला असतात, एका तुकडीत किती मुले असतात, परदेशी अर्ज किती जणांचे जातात, हे सारे साध्या वाक्यांत सांगावे. एखाद्या विषयाला बराच काळ शिक्षक नसल्याची झळ सगळ्या वर्गाला बसली असेल तर तेही इथेच येते. एकट्या विद्यार्थ्याची अडचण मात्र दुसऱ्या भागात, आणि ती त्याला विचारूनच.

तिसऱ्या भागात ‘हुशार, होतकरू आणि नम्र’ ही आपली नेहमीची त्रिसूत्री लिहू नये. तिने कोणाचेही भले झालेले नाही. आपली आवड आणि तयारी विद्यार्थी अर्जातील स्वतःच्या निवेदनात (पर्सनल स्टेटमेंट) सांगतोच, आणि तेही 2026च्या प्रवेशांपासून तीन प्रश्नांत विभागले आहे, त्यामुळे त्याची पुनरुक्ती नको. प्रिझमच्या प्रयोगात किमान विचलनाचा कोन जुळेना तेव्हा तिने शेजारच्या वहीतून आकडा न उचलता स्पेक्ट्रोमीटरची पातळी पुन्हा लावली, असे एक वाक्य पुरते. स्पर्धा तीव्र असलेल्या अभ्यासक्रमांना असे विषयाशी निगडित तपशील उपयोगी पडतात. विद्यापीठाचे नाव घालू नका; एकच पत्र सगळ्या पर्यायांकडे जाते.

बारावीचा निकाल हाती नसतो, तेव्हा अपेक्षित गुण शिक्षकालाच भरावे लागतात. ते प्रत्येक विषयाच्या शिक्षकाशी बोलून ठरवा. पालकांच्या आग्रहाखातर फुगवू नका, कारण सशर्त प्रवेश मिळाला की मेमधल्या निकालात तेच गुण गाठण्याचा ताण मुलावर येतो. ज्याचे गुण मध्येच घसरलेले दिसतील त्याला कारण विचारा, म्हणजे पुन्हा दुसरा भाग.

तारखा पाहा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांची मुदत 15 ऑक्टोबर, ब्रिटनमधील संध्याकाळी 6, म्हणजे आपल्याकडे रात्री 10.30. इतर बहुतेकांची 2026च्या प्रवेशांसाठी 14 जानेवारी 2026 होती. सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी याच सुमारास येतात, तेव्हा मसुदा सप्टेंबरातच हातावेगळा करा.

महाविद्यालयाची यूकॅसकडे नोंदणी नसेल तर विद्यार्थी तुमचा ईमेल देतो आणि शिफारसपत्र भरण्याचा दुवा (लिंक) तुमच्याकडे येतो. पत्ता महाविद्यालयाचा द्या. स्पॅम तपासा. नातेवाइकाने लिहायचे नाही, हे सांगायला नको. स्पेलिंग दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या. पाठवण्याचे बटण दाबण्याआधी दुसरा भाग उघडून पाहा, आणि तो कोरा असेल तर विद्यार्थ्याला फोन करा.