चाकाचा क्लीनर निवडताना बाटली आधी उलटी करा

शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्यांना लेबलं चिकटवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि स्वतःच्या गाडीचं चाक मात्र मी लेबल न वाचता खराब केलं. ब्रेकची काळी-तांबूस धूळ अलॉयवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकावर, इतकी बसली होती की शॅम्पूच्या पाण्याने हलेना. कुणीतरी ‘चाकांसाठी खास आहे’ म्हणून अर्धी बाटली दिली होती, ती फवारली. ऊन होतं, गाडी नुकतीच फिरून आलेली, चाक हाताला चटका बसेल इतकं तापलेलं. दोन मिनिटांत फेस सुकला. धुतल्यावर आऱ्यांवर दुधाळ ओघळ दिसले, भिंतीत ओल उतरते ना, तसे. खूप घासले, पण ते डाग नव्हतेच. तिथला पृष्ठभागच खाल्ला गेला होता.

तेव्हापासून कुणीही ‘कुठला क्लीनर घेऊ’ विचारलं की मी उलटं विचारतो, चाक कसलं आहे? बहुतेकांचं उत्तर ‘अलॉय’. ते पुरत नाही. क्लीनरचा संबंध आतल्या धातूशी नंतर येतो, आधी तो वरच्या थराला भिडतो. बहुतेक अलॉय चाकांवर रंग आणि त्यावर पारदर्शक लॅकरचा थर असतो. ही चाकं त्यातल्या त्यात सोशिक. काही चाकं उघड्या, पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमची असतात, त्यांच्यावर काहीच थर नसतो. काही ॲनोडाइझ केलेली, म्हणजे धातूवरचा ऑक्साइडचा थर मुद्दाम जाड केलेली, काही क्रोमचा मुलामा दिलेली, काही मॅट, म्हणजे चकाकी नसलेली. आणि हल्ली दिसतात ती डायमंड कट, म्हणजे समोरचा भाग लेथवर कापून चकचकीत केलेला आणि वर लॅकर.

लॅकर आहे की नाही ते कळायला सोपी युक्ती आहे. धातूचं पॉलिश पांढऱ्या फडक्याच्या टोकावर थोडंसं घ्या आणि चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे नजर जात नाही तिथे, बोटाने हलकेच चोळा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. काळं झालं नाही तर मध्ये थर आहे, बहुधा लॅकरचा, पण ॲनोडाइझचा किंवा क्रोमचाही असू शकतो. चाक आधी तिथे स्वच्छ धुतलेलं हवं, नाहीतर मळाच्या काळ्यालाच धातू समजाल. मॅट चाकावर ही युक्ती करू नका, चोळलेली जागा कायमची चकाकते.

आता बाटलीत काय असतं ते. ॲल्युमिनियमच्या अंगावर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो आणि तोच त्याला वाचवतो. सामू, म्हणजे पीएच, साधारण 4 ते 8.5 च्या मध्ये असेल तोवर हा पापुद्रा टिकतो. त्याच्या खाली गेलात तरी विरघळतो, वर गेलात तरी विरघळतो. ‘आम्ल नाही’ एवढं वाचून निर्धास्त होणारे इथे फसतात. शाळेत मी परीक्षानळीत सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घेऊन त्यात ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा टाकायचो. थोडा वेळ काहीच नाही. मग बुडबुडे, मग नळी गरम, आणि तोंडाशी पेटती काडी नेली की ‘फट्’ असा आवाज, कारण आत हायड्रोजन. कागद बघता बघता करडा पडून विरायचा. पोरं हसायची. हेच सोडियम हायड्रॉक्साइड काही स्वस्त ‘डीग्रीझर’मध्ये, म्हणजे तेलकटपणा काढायच्या द्रावणांत, आणि चाकाच्या क्लीनरमध्ये असतं. उघड्या ॲल्युमिनियमला ते काळवंडवतं आणि ॲनोडाइझचा थर तर झटक्यात उतरवतं, कारण तो थर म्हणजे तेच ऑक्साइड, फक्त जाड केलेलं.

दुसऱ्या टोकाला आम्लाचे क्लीनर. धूळ चटकन निघते म्हणून ते लोकांना आवडतात. हायड्रोक्लोरिक आम्ल क्रोमच्या बारीक छिद्रांतून आत शिरून मुलामा उचलतं. पण माझा खरा राग आहे तो हायड्रोफ्लोरिक आम्लावर आणि त्याच्या भावकीतल्या अमोनियम बायफ्लोराइडवर. चाकाचं सोडा, हे माणसाला घातक आहे. पातळ असलं तर लगेच आग होत नाही, तासांनंतर दुखायला लागतं, तोवर फ्लोराइड कातडीतून आत जाऊन शरीरातल्या कॅल्शियमला धरून बसलेलं असतं. घटकांत ‘फ्लोराइड’ दिसलं की बाटली परत ठेवा. यावर माझ्याशी वाद घालू नका. चुकून अंगावर उडालंच तर भरपूर पाण्याने धुवा आणि दुखायची वाट न बघता सरळ दवाखाना गाठा, बाटली सोबत न्या.

मधला, सामू 7 च्या आसपासचा गट म्हणजे ‘आयर्न रिमूव्हर’. लॅकर असलेल्या चाकासाठी मी हाच घेतो. ब्रेकच्या धुळीत मोठा भाग डिस्कमधून, म्हणजे चाकामागच्या ब्रेकच्या लोखंडी चकतीतून, झिजलेल्या लोखंडाच्या कणांचा असतो. ते गरम असताना उडतात, लॅकरमध्ये रुततात आणि तिथेच गंजतात, म्हणून ते नारिंगी ठिपके. या क्लीनरमधलं थायोग्लायकोलेट लोखंडाला धरतं आणि द्रावण जांभळं होतं. केस कुरळे करायच्या औषधातही हेच रसायन असतं, वासही तसाच, कुजक्या अंड्याच्या वळणाचा. मोकळ्या हवेत वापरा. जांभळा रंग लोखंड सापडल्याची खूण आहे, बाकी मळाशी त्याला देणंघेणं नाही. चाकावर डांबराचे ठिपके असतील तर ते तसेच राहतील. त्यांना वेगळा टार रिमूव्हर लागतो, आणि तो फवारण्याऐवजी फडक्यावर घेऊन फक्त ठिपक्याला लावायचा.

‘पीएच न्यूट्रल’ छापलेलं वाचून लगेच खूश होऊ नका. ती बाटली पातळ करून वापरायची असेल तर तो आकडा पातळ केल्यानंतरचा आहे का, ते बघा. सामूची पट्टी एकेका पायरीला दहापट वाढते, 9 आणि 10 यांत वाटतो तेवढा किरकोळ फरक नसतो. दहापट पाणी घालूनही तीव्र द्रावण जेमतेम एक पायरी खाली येतं. मी थेंबभर क्लीनर सामूच्या कागदी पट्टीवर टाकतो आणि रंग जुळवतो. सवय जात नाही. उघड्या पॉलिश केलेल्या धातूवर मात्र न्यूट्रल आयर्न रिमूव्हरही आपणहून मारू नका, त्याने काही धातूंवर डाग पडू शकतात. लेबलवर ‘उघड्या ॲल्युमिनियमवर चालतो’ असं स्पष्ट लिहिलं असेल तरच, नाहीतर गाडीचा साधा शॅम्पू, कोमट पाणी आणि मऊ ब्रश. क्रोम, ॲनोडाइझ आणि मॅटलाही मी याच साध्या वाटेने नेतो. मॅटवर वॅक्स मिसळलेला शॅम्पू टाळायचा, चकाकीचे पट्टे पडतात.

बाटलीची पुढची बाजू जाहिरात असते. खरं काय ते सुरक्षा माहितीपत्रकात, इंग्रजीत ज्याला एसडीएस म्हणतात त्यात. बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर ते बहुधा सापडतं. त्याचे 16 विभाग असतात, सगळे वाचायची गरज नाही. दुसऱ्यात धोके, तिसऱ्यात घटक, आठव्यात हातमोजे-चष्म्याचं, आणि नवव्यात सामू. दुसऱ्या विभागात धोक्यांचे सांकेतिक क्रमांक असतात. तिथे ‘एच 290’ (H290) दिसलं तर त्याचा अर्थ, हे धातूला खाऊ शकतं. ‘एच 314’ म्हणजे कातडी भाजते, डोळ्यांना इजा होते. नाजूक चाकासाठी मला या दोन्हींपैकी काहीही चालत नाही. ‘एच 317’ आयर्न रिमूव्हरच्या पत्रकात बऱ्याचदा दिसतं, ते कातडीच्या ॲलर्जीबद्दल आहे. त्यासाठी नायट्राइलचे हातमोजे घाला, बाटली टाकून द्यायला नको. माहितीपत्रकच मिळत नसेल तर मी ती बाटली घेत नाही.

डायमंड कटबद्दल एक वेगळी गोष्ट. लेथवर कापलेल्या कडा धारदार असतात, तिथे लॅकर पातळ बसतो. एखादा खडा लागला की ओल आत शिरते आणि लॅकरखाली पांढऱ्या अळ्या सरपटल्यासारख्या रेषा पसरतात. क्लीनरने त्या जात नाहीत, कारण त्या वर नाहीतच. तिथे जोरदार क्लीनर मारला तर तो फटीतून आत जाऊन काम वाढवतो. अशा चाकाला फक्त शॅम्पू, आणि लवकरात लवकर लॅकर नव्याने मारणारा कारागीर.

धुताना क्रम असा. चाक गार हवं, उलटा तळहात टेकवून बघा. सावलीत घ्या. आधी नुसत्या पाण्याने सुटी माती उडवा, नाहीतर ब्रश तीच वाळू लॅकरवर फिरवतो. नवी बाटली असेल तर आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर लावून, लेबलवर दिलेल्या वेळेनंतर धुऊन, सुकल्यावर उजेडात बघा. मग एका वेळी एकच चाक. चारही एकदम फवारून पहिल्यापासून सुरू केलं की चौथं सुकलेलं असतं, आणि सुकणं हाच बहुतेक डागांचा जन्म. वारा असेल तर लेबलवर दिलेला वेळही फार ठरतो, कडा सुकायला लागल्या की धुऊन टाका. ब्रश मऊ, त्याचा धातूचा भाग उघडा नको. भांडी घासायची हिरवी घासणी लांब ठेवा. बॅलन्सिंगसाठी आत चिकटवलेले वजनाचे तुकडे असतात, त्यांच्याभोवती हलक्या हाताने. बादली आणि धुवायचा कापडी हातमोजा चाकांसाठी वेगळा ठेवा, त्यातले लोखंडी कण गाडीच्या रंगावर गेले तर रेघोट्या उठतात. एकावर एक दोन क्लीनर मारायचे नाहीत, आणि आम्लाच्या क्लीनरजवळ ब्लीच कधीच नाही, क्लोरीन वायू सुटतो.

शेवटी भरपूर पाणी, आऱ्यांच्या मागेही आणि नटांच्या खड्ड्यांतही, मग मायक्रोफायबरने कोरडं. थोड्या वेळाने डिस्कवर नारिंगी गंज दिसला तर घाबरू नका, उघडं लोखंड ओलं झालं की ते होतंच. हळू गाडी चालवत दोन-चारदा ब्रेक दाबले की पुसला जातो. ओले ब्रेक पहिल्या दाबाला जरा उशिरा धरतात, म्हणून रस्त्यावर काढण्याआधी हे मोकळ्या जागेत करा.

माझं ते दुधाळ ओघळांचं चाक मी स्टेपनीच्या जागी टाकलंय. डिकी उघडली की दिसतं.