भांगेची फुलं वाळवताना: टोरंटोतला माझा अनुभव

कॅनडात २०१८ पासून भांग कायदेशीर आहे आणि टोरंटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओत एका घरी ४ झाडं लावता येतात. काढणी येते ऑक्टोबरात, नेमकी फर्नेस (घर गरम ठेवणारी यंत्रणा) सुरू होण्याच्या वेळी. घरातली हवा इतकी कोरडी की फुलं वरून कुरकुरीत व्हायची आणि आत दांड्याशी ओलीच राहायची. बरणीत भरली की तो ओलावा बाहेर यायचा. बुरशी धरते ती इथेच.

आता मी फुलं सुटी करतच नाही. अख्ख्या फांद्या, मोठी पानं काढून, बेसमेंटमध्ये अंधारात उलट्या टांगते. तापमान १८ अंशांच्या आसपास, आर्द्रता ५५ ते ६० टक्के. त्यासाठी छोटा ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) लावते. पंखा भिंतीकडे तोंड करून, फुलांवर थेट वारा नको. बारीक काडी वाकण्याऐवजी कट्‌कन मोडली की काचेच्या बरणीत, तीही पाऊणच भरायची. आत छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवाच, मला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. काटा ६५ टक्क्यांच्या वर गेला तर फुलं परत बाहेर पसरते. नाहीतर सुरुवातीला रोज थोडा वेळ झाकण उघडते.

ओव्हनच्या वाटेला जाऊ नका. सुगंधी तेलं उडून जातात.