बर्गंडीच्या वाईनपट्ट्यात जाताय? या चुका टाळा

नाशिकच्या बाटलीवर शेनँ ब्लाँ किंवा शिराझ असं द्राक्षाचं नाव ठळक छापलेलं असतं. त्या सवयीने फ्रान्समधल्या बर्गंडीची बाटली उचलली की गोंधळ ठरलेलाच. इथे लेबलवर गावाचं नाहीतर मळ्याचं नाव असतं. लाल असेल तर बहुतेक वेळा पिनो नुआर, पांढरी असेल तर शार्दोने, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. खरी मेख जमिनीत आहे.

खिशाला सगळ्यात जास्त चाट बसते ती नावांच्या सारखेपणामुळे. झव्रे गावाने 1847 साली आपल्या नामांकित मळ्याचं, शांबर्तँचं, नाव स्वतःला जोडून घेतलं. त्यामुळे ‘झव्रे-शांबर्तँ’ ही गावाच्या दर्जाची वाईन, नुसती ‘शांबर्तँ’ म्हणजे ग्राँ क्रू (सर्वांत वरचा दर्जा), आणि ‘शार्म-शांबर्तँ’ हीसुद्धा ग्राँ क्रूच! मोंराशे हा मळा प्युलिन्यी आणि शासान्य या दोन गावांच्या हद्दीत पसरलेला, म्हणून दोघांनीही ते नाव लावलं. दुकानात वाद घालत बसू नका. नावाखाली ‘ग्राँ क्रू’ किंवा ‘प्रमिए क्रू’ (त्याच्या खालचा दर्जा) आहे का तेवढं बघा. दोन्ही नसेल तर ग्राँ क्रूचे पैसे मोजायचं कारण नाही.

पण ग्राँ क्रू दिसलं म्हणून डोळे मिटून घेऊ नये. क्लो द वूजो हा सिस्टर्शियन साधूंनी भिंत घालून जपलेला सुमारे 50 हेक्टरचा मळा. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चकडून जप्त झाला, पुढे विकला गेला, वाटण्या झाल्या, आणि सातबाऱ्यावर भावाभावांची नावं वाढत जावीत तसे आज त्याचे 80 च्या आसपास मालक आहेत. वरच्या अंगाला पाण्याचा चांगला निचरा होतो, तर खाली रस्त्यालगत माती भारी आणि ओलसर. दर्जा मात्र सगळ्यांना एकच. इथे मळ्याआधी उत्पादकाचं नाव विचारा.

नकाशा न बघता बेत आखणं ही आणखी एक चूक. शाब्ली बर्गंडीतच मोडतं, पण बोन शहरापासून शंभर किलोमीटरहून जास्त लांब, शँपेनच्या बाजूला. तिथल्या चुनखडीत चिमुकल्या शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात, आणि वसंतातल्या गोठवणाऱ्या दहिवरापासून कोंब वाचवायला शेतकरी रात्री वेलींच्या ओळींत मोठाल्या मेणबत्त्या पेटवतात. त्याला वेगळा दिवस द्या. एकच दिवस असेल तर दीजाँ ते बोन हा पट्टा पकडा. बजेट आखडतं असेल तर दक्षिणेला रुली, मेर्क्यूरे, जिव्री ही गावं बघा. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.

पुयी-फ्विसे बर्गंडीची, शार्दोनेची. पुयी-फ्युमे लुआर खोऱ्याची, सोव्हिन्यों ब्लाँची. मागवताना जीभ घसरू देऊ नका.

बरेचसे उत्पादक म्हणजे घरची मंडळी, त्यामुळे न कळवता दारात उभं राहिलात तर, विशेषतः सप्टेंबरच्या तोडणीत, कुणी भेटेलच असं नाही. आधी वेळ ठरवा. चाखलेली वाईन तिथल्या भांड्यात थुंकण्यात काही गैर नाही. गाडी तुम्हीच चालवणार असाल तर थुंकाच. आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोनमध्ये ऑस्पिस या जुन्या धर्मादाय इस्पितळाचा वाईनचा लिलाव असतो, तेव्हा जायचं असेल तर खोली फार आधी राखून ठेवा.