गाडी पेट्रोल जास्त पितेय? दोष असा शोधा

सायलेन्सरमधून काळा धूर, गाडी उभी केली की कच्च्या पेट्रोलचा वास आणि घसरलेलं अ‍ॅव्हरेज, अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर इंजिनात पेट्रोल जास्त जातंय. धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय, ते दुखणं वेगळं. नुसतंच अ‍ॅव्हरेज कमी झालं असेल तर आधी टायरची हवा आणि चिकटलेले ब्रेक बघा.

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणून सुरुवात एअर फिल्टरपासून. पांदण रस्त्याच्या फुफाट्यात तो लवकर चोंदतो. उन्हाकडे धरून उजेड आरपार येत नसेल तर बदला. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत धूर एवढ्यानेच थांबू शकतो. थंड इंजिन स्टार्ट करताना हवा कमी करणारा चोक अडकलाय का तेही बघा. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या नव्या गाडीत कॉम्प्युटर हवेच्या मानाने पेट्रोल सोडतो, त्यामुळे तिथे फिल्टरवर फार भिस्त ठेवू नका.

मग इंजिन थंड असताना स्पार्क प्लग काढा. सगळ्यांवर सारखी कोरडी काजळी असेल तर दोष सेन्सरचा किंवा पेट्रोलच्या प्रेशरचा. एकच काळा किंवा ओला असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर गळतोय, नाहीतर तिथे ठिणगीच पडत नाही. डिपस्टिकही हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास येऊन पातळी वाढली असेल तर दुरुस्तीनंतर ऑइल बदलावंच लागेल. तोवर गाडी पऱ्हाटीवर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नका. न जळालेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि तो भयंकर तापतो.

यानंतर ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र. ‘पी ०१७२’ कोड आला की बरेच मिस्त्री थेट ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगतात. घाई करू नका. मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, एवढंच तो कोड सांगतो. कशामुळे, ते नाही.

खरी परीक्षा सकाळची. रात्रभर उभ्या गाडीची फक्त चावी ऑन करा, स्टार्ट नको, आणि स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघा. ते बाहेरच्या हवेइतकंच हवं. मे महिन्यात अकोल्यात सकाळीही ते पाच अंश दाखवत असेल तर सेन्सर गेला. कडाक्याची थंडी समजून कॉम्प्युटर पेट्रोल ओततच राहतो. उणे ४० दाखवत असेल तर बहुधा वायर तुटली आहे. गाडी कोठ्याशेजारी उभी असते ना, उंदरांचा उद्योग तपासा.

तापमान बरोबर असेल तर इंजिन गरम करून स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कापतोय तो आकडा. आकडा उणे दहा टक्क्यांच्या खाली असेल तर कॉम्प्युटर सतत पेट्रोल कापतोय. आता टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हकडून इंजिनात जाणारी रबरी नळी हलकेच दाबून बंद करा. आकडा शून्याकडे सरकला तर दोष तिथेच. पेट्रोल पंप लांब आहे म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरायची सवय असेल, तर पेट्रोल कॅनिस्टरमध्ये, म्हणजे ती वाफ साठवणाऱ्या डब्यात शिरून असं होतं.

इतकं करूनही दोष सापडला नाही तर प्रेशर गेज असलेलं गॅरेज गाठा. पेट्रोलची लाइन दाबाखाली असते, ती घरी उघडू नका.