जुन्या गाडीसाठी ब्रेक ड्रम घेताना या चुका टाळा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर जिवापाड जपणारी घरे आजही आहेत. मात्र अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि पद्मिनीचे त्याच्याही बरेच आधी. त्यामुळे आता ब्रेक ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारे ब्रेकचे बिडाचे भांडे, मिळतो तो दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या जुन्या मालातून, भंगारात काढलेल्या गाडीतून किंवा नव्याने ओतलेल्या नकलेच्या स्वरूपात. या तिन्ही ठिकाणी चांगला ड्रम मिळू शकतो, पण तो मोजल्याशिवाय ओळखता येत नाही आणि बहुतेक चुका या मोजण्याच्या आळसातूनच होतात.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे मुंबईच्या कुर्ल्यातील किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटमधील दुकानदाराला फोनवर केवळ गाडीचे नाव सांगून माल मागवणे. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक बदल होत गेले आणि मधल्या काळात एखाद्या मिस्त्रीने दुसऱ्याच मॉडेलचा हब (चाक व ड्रम ज्यावर बसतात तो मधला भाग) बसवलेला असण्याचीही शक्यता असते. म्हणून जुना ड्रम काढून त्याचा आतला व्यास, खोली, मधल्या भोकाचा व्यास आणि बोल्टच्या भोकांमधील अंतर लिहून घ्यावे. अ‍ॅम्बॅसेडर मूळच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेली असल्याने तिची मापे इंचांत, तर फियाट ११०० वरून आलेल्या पद्मिनीची मिलिमीटरमध्ये आहेत, हे दुकानदाराशी बोलताना ध्यानात ठेवावे.

वापरलेला ड्रम घेताना होणारी चूक अधिक गंभीर आहे. आतला पृष्ठभाग चकचकीत दिसला की ड्रम चांगला असे अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात ती चकाकी लेथवर नुकतेच कातल्याची असू शकते. प्रत्येक कातकामागणिक ड्रमची भिंत पातळ होत जाते, आणि पातळ ड्रम कमी उष्णता साठवतो, लवकर तापतो व अधिक प्रसरण पावतो. गाडी कन्नड घाटातून चाळीसगावकडे उतरत असताना ब्रेक सतत दाबला गेला की असा ड्रम फुगून शूपासून (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानीसारख्या पट्ट्यांपासून) दूर सरकतो, पेडल खोल जाऊ लागते आणि शूवरचे घर्षणाचे अस्तर, म्हणजे लायनरही तापल्याने त्याची पकड कमी होते. त्यात मे महिन्यातील खानदेशाचे तापमान ४५ अंशांच्या आसपास असले, तर ड्रम थंड व्हायला आणखी वेळ लागतो. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असल्यास तोच अंतिम मानावा. तसा नसल्यास गाडीच्या मॅन्युअलमधील मर्यादा पाहावी. प्रवासी गाड्यांसाठी ही मर्यादा साधारणपणे मूळ व्यासापेक्षा सुमारे दीड मिलिमीटर अधिक इतकी असते. व्यास एकाच जागी न मोजता काटकोनातील दोन दिशांनी आणि आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही कडांजवळ मोजावा, म्हणजे ड्रम अंडाकृती किंवा निमुळता झाला असल्यास लगेच कळते.

ड्रम दोरीला टांगून छोट्या हातोडीने हलकेच ठोकावा. बिडाचा निरोगी ड्रम स्वच्छ नादतो आणि तडा गेलेला भद्द वाजतो. निळसर डाग दिसले, तर तो ड्रम पूर्वी अतिशय तापलेला आहे. तिथले लोखंड कडक झालेले असल्याने कातल्यानंतरही त्याच जागी उंचवटे राहतात. नव्या नकलेत ओतकामातील छिद्रे शोधावीत आणि तिचे वजन मूळ ड्रमशी ताडून पाहावे. नवा ड्रम लक्षणीय हलका भरला, तर तो स्वस्त असला तरी परत करावा.

ड्रम एकाच बाजूचा बदलणे मला मुळीच मान्य नाही. एका अ‍ॅक्सलवरील दोन्ही ड्रमचा व्यास सारखा नसेल, तर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढू शकते. नव्या ड्रमवर जुने शू तसेच चढवणेही चूक आहे, कारण शूची गोलाई ड्रमशी जुळली नाही तर लायनर फक्त मध्यभागी किंवा फक्त टोकांना टेकते. लायनर ड्रमच्या मापाने घासून घ्यावे. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने आतील भुकटी हवेच्या झोताने कधीही उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसावी.

बसवण्यापूर्वी नव्या ड्रमवरील गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण काढावे आणि हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने साफ करावा. तेथे गंजाची खपली राहिली किंवा चाकाचे नट असमान आवळले गेले, तर चांगला ड्रमसुद्धा वाकडा फिरतो आणि पेडल थरथरते. गाडी तरीही एका बाजूला ओढत असेल, तर शूंना ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरची गळती किंवा मागच्या अ‍ॅक्सलच्या सीलमधून येणारे तेल तपासावे. काही किलोमीटरांतच ड्रम तापत असेल, तर शू फार जवळ आणले आहेत किंवा हँडब्रेकची केबल ताणलेली आहे. हे सारे जुळल्यावर सपाट, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हलके ब्रेक लावत आणि मधे ड्रम थंड होऊ देत लायनर बसू द्यावे. तोवर लळिंग किंवा कोंडाईबारीच्या घाटात गाडी नेऊ नये.