ठिपके समुद्रात पडतात तेव्हा
वस्तीतले नळ, बाक, दवाखाने मोबाइलवर टिपले, यादी क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवली आणि ठिपके भलतीकडेच गेले, तर आधी रकाने बघा. एक्सच्या खणात रेखांश, वायच्या खणात अक्षांश लागतो. बोलताना आपण ‘अक्षांश-रेखांश’ म्हणतो, घोळ तिथेच. निर्देशांक प्रणाली म्हणून ईपीएसजी ४३२६ (साध्या अंशांतल्या अक्षांश-रेखांशांची) निवडा.

एखादाच ठिपका आफ्रिकेच्या पश्चिमेला, ०,० वर पडला? फोनला जागा सापडलीच नव्हती. ती ओळ काढून जागेवर पुन्हा टिपा.

सगळे ठिपके चौकटीच्या वहीसारखे रांगेत बसले, तर दशांश छाटले गेलेत. हे लवकर ध्यानात येत नाही. एक्सेल सीएसव्हीत (यादीच्या साध्या मजकूर-फाइलीत) पडद्यावर दिसतं तेवढंच लिहितं. दोन दशांशांवर अक्षांशाची एक पायरीच सुमारे १.१ किलोमीटरची, पाचवर १.१ मीटरची. रकान्याला पाच दशांश देऊन मगच सीएसव्ही काढा.