आपण शब्द मोडला तरी देव मोडत नाही, हे बायबलमध्ये कसं शोधायचं

बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो, फक्त विचारायची पद्धत वेगवेगळी. मी इतक्यांदा चुकलोय, देवाला शब्द दिला आणि पाळला नाही, आता त्याची वचनं मला लागू आहेत की एक्स्पायर झाली? मग आपण काय करतो तर मोबाइलवर "देवाची अभिवचने" असं सर्च मारतो, पन्नास वचनांची लिस्ट येते, त्यातलं जे बरं वाटेल ते उचलतो, स्टेटसला ठेवतो आणि दोन दिवसांनी परत जिथल्या तिथे. मी स्वतः कितीतरी वर्षं हेच केलंय, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाहीये.

त्या लिस्टमध्ये वचन असतं पण ते ज्या गोंधळात दिलं गेलं तो गोंधळ गाळलेला असतो, आणि आपल्याला धीर येणार असतो तो नेमका त्या गोंधळामुळे. म्हणून मी आता जे करते ते सांगते. एक साधी वही घ्या, पान आडवं धरा, तीन रकाने पाडा. पहिल्यात देव काय बोलला, दुसऱ्यात माणसांनी काय केलं, तिसऱ्यात त्यानंतर देवाने काय केलं. तिसरा रकाना रुंद ठेवा, का ते पुढे कळेल. रंगीत पेनं, स्टिकर वगैरे काही नको, ते सजवण्यातच आठवडा जातो.

सुरुवात उत्पत्ति १५ पासून करा. अब्राम देवाला विचारतो की हा देश मला मिळणार हे मी कशावरून समजू? देव त्याला तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा मेंढा, एक होला आणि कबुतराचं पिल्लू आणायला सांगतो. तो मोठी जनावरं मधोमध चिरून अर्धी-अर्धी समोरासमोर मांडतो, पक्षी चिरत नाही. गिधाडं खाली उतरायला लागतात, हा हाकलत बसतो. त्या काळी करार करणारे त्या तुकड्यांमधून चालत जायचे, म्हणजे मी शब्द मोडला तर माझंही असंच होवो (यिर्मया ३४ मध्ये या रीतीचा उल्लेख आहे, वेळ असेल तर बघा). आता इथे थांबून वाचा. सूर्य मावळतो, अब्रामाला गाढ झोप लागते, आणि धुमसणारी भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. अब्राम चालतच नाही! तो झोपलाय. एकट्या देवानेच तो शब्द स्वतःवर घेतला.

हे पहिल्या रकान्यात लिहा आणि लगेच पान उलटा. १६ व्या अध्यायात अब्रामाची बायको साराय आणि अब्राम ठरवतात की कबूल केलेलं मूल द्यायला देवाला उशीर होतोय, आपणच काहीतरी जमवू, आणि मुलासाठी दासी हागारेला मधे आणतात. इश्माएल झाला तेव्हा अब्राम ८६ वर्षांचा होता, इसहाक झाला तेव्हा १००. आणि सगळ्यात लाज वाटावी अशी गोष्ट २० व्या अध्यायात आहे. पुढच्या वर्षी साराला (सारायचंच नवं नाव) मुलगा होईल असं १८ व्या अध्यायात स्पष्ट सांगून झालंय, आणि हा बाबा गरारात जाऊन परत सांगतो की ही माझी बहीण. मिसरात एकदा हेच करून झालेलं असतं, आणि आता तर ज्या बाईच्या पोटी वचनाचं बाळ येणार तिलाच दुसऱ्या राजाच्या घरी जाऊ देतो. त्या राजाला, अबीमलेखाला, स्वप्नात कुणी अडवलं? देवाने. तिसऱ्या रकान्यात लिहा, आणि २१ व्या अध्यायाचं पहिलं वाक्य वाचा, तिथे साधंच लिहिलंय की परमेश्वराने सारेविषयी जे म्हटलं होतं ते केलं.

नंतर निर्गम ३२ ते ३४. त्याआधी २४ वा अध्याय दोन मिनिटं चाळा, तिथे अब्रामाच्या वंशजांनी, म्हणजे इस्राएली लोकांनी, एकदा नाही दोनदा म्हटलंय की परमेश्वर सांगेल ते सगळं आम्ही करू. त्यांचा पुढारी मोशे ४० दिवस डोंगरावर, आणि खाली पूजेसाठी सोन्याचं वासरू तयार. इथे मोशेची प्रार्थना नीट बघा कारण ती शिकून घेण्यासारखी आहे. लोक मनाने चांगले आहेत, त्यांना एक चान्स दे, असं तो म्हणत नाही. लोकांच्या बाजूने बोलण्यासारखं त्याच्याकडे काही नाहीच. तो म्हणतो, अब्राहाम (म्हणजे आपला अब्राम), इसहाक आणि इस्राएल यांना तू स्वतःची शपथ वाहून सांगितलंस ते आठव. म्हणजे केस सगळी देवाच्याच शब्दावर उभी. आपली प्रार्थना बहुतेक वेळा उलटी असते, मी यापुढे नीट वागेन, रोज वाचेन, मग तू एवढं कर. तसली प्रार्थना करून बघितली असेल तर ती किती दिवस टिकते ते माहीतच आहे.

पण वासराच्या प्रकरणात साधारण ३००० माणसं मेली हेही त्याच अध्यायात आहे. आणि आज्ञा लिहिलेल्या दुसऱ्या दगडी पाट्या मोशेला स्वतः घडून न्याव्या लागल्या, पहिल्या देवाने घडवलेल्या होत्या. म्हणून तिसरा रकाना रुंद ठेवा म्हटलं. त्यात दोन गोष्टी येतात, देवाने शब्द पाळला ही एक आणि चुकांचं फळ माणसांना भोगावं लागलं ही दुसरी, आणि दोन्ही एकाच पानावर. निर्गम ३४:६-७ वाचताना लोक "दयाळू" आणि "मंदक्रोध"पर्यंत वाचतात आणि स्वल्पविरामाला थांबतात. पुढचं अर्धंही वाचा, जिथे दोषीला तो असाच सोडत नाही असं आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ गणना १३-१४ मध्ये होतो त्यामुळे इथे घाई नको. १२ हेर ४० दिवस वचनाचा देश बघून येतात, दहा जण घाबरवतात, लोक रडतात, मिसरात परत जाऊ म्हणतात. देव सांगतो की या पिढीतले २० वर्षांवरचे, कालेब आणि यहोशवा सोडून, कुणी तिथे जाणार नाहीत, ४० दिवसांचे ४० वर्षं. मग वचन मोडलं का? नाही, कारण ज्या मुलांबद्दल ते म्हणत होते की ही लूट होतील, तीच मुलं आत गेली. आणि त्या ४० वर्षांत मान्ना (देव रोज द्यायचा ते अन्न) बंद झाला नाही, अंगावरचे कपडे विरले नाहीत. शिक्षा भोगत असताना रोजचं जेवण चालू! मला हे वाचून विचित्र वाटतं आणि बरंही वाटतं.

त्याच अध्यायाच्या शेवटी अजून एक गोष्ट आहे जी सहसा कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक उठतात, म्हणतात आम्ही चुकलो, चला आता जाऊ, देवाने वचन दिलंयच की. मोशे म्हणतो जाऊ नका, परमेश्वर तुमच्यात नाही. जातात आणि मार खाऊन येतात. वचन खरं होतं, लोक तेच, देश तोच, पण देवाचं न ऐकता ते वचन कूपनसारखं वापरायला गेले. वहीत इथे मोठी खूण करा.

आणि कालेबाचं काय? तो न घाबरवणाऱ्या दोन हेरांपैकी एक, त्याने काहीच चूक केली नव्हती तरी दुसऱ्यांच्या अविश्वासापायी त्याची सगळी मधली वर्षं वाळवंटात गेली. हेर म्हणून गेला तेव्हा ४० चा होता, यहोशवा १४ मध्ये तो ८५ चा म्हातारा उभा राहून म्हणतो की ४५ वर्षांपूर्वी परमेश्वराने मला शब्द दिला होता, आता तो डोंगर मला दे. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या चुकीमुळे ज्यांची वर्षं वाया गेली असं वाटतं त्यांनी हा अध्याय वेगळा काढून ठेवा.

शास्ते पुस्तक सध्या सोडलं तरी चालेल, दुसरा अध्याय वाचा, बाकी तेच चक्र परत परत फिरतं.

दावीदाकडे या. २ शमुवेल ७ मध्ये देव म्हणतो तुझं घराणं आणि राज्य कायम राहील, तुझा वंशज चुकला तर मी त्याला शिक्षा करीन पण माझी दया त्याच्यापासून काढून घेणार नाही. चार अध्याय पुढे गेलं की दावीद दुसऱ्याच्या बायकोला, बथशेबाला, घेतो आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, मारवतो. १२ व्या अध्यायात नाथान संदेष्टा येतो, क्षमाही मिळते आणि तलवार तुझ्या घरातून जाणार नाही हेही ऐकावं लागतं. पुढे राजांच्या पुस्तकांत एक शब्द शोधत जा, "दिवा". १ राजे ११:३६, १ राजे १५:४, २ राजे ८:१९. तिन्ही ठिकाणी गादीशी जोडलेली नावं बिघडलेल्या राजांची, आणि तिन्ही ठिकाणी हेच की दावीदासाठी देवाने दिवा राहू दिला. मग २ राजे ११ मध्ये राजमाता अथल्या राजवंश कापत सुटते आणि तो दिवा म्हणजे एक तान्हं बाळ उरतं, योवाश, ज्याला त्याची आत्या उचलून पळवते आणि सहा वर्षं मंदिरात लपवून ठेवते. अख्खं वचन त्या एका पोरावर टांगलेलं.

याच्या जोडीला स्तोत्र ८९ मोठ्याने वाचा. ३७ व्या वचनापर्यंत (इथे वचन म्हणजे अध्यायातलं क्रमांक असलेलं वाक्य) करार, शपथ, सूर्य-चंद्र, सगळं छान. ३८ पासून सूर बदलतो, पण तू तर टाकून दिलंस. आणि ती तक्रार बायबलमधून कुणी काढून टाकलेली नाही. विश्वास ठेवणं म्हणजे तक्रार न करणं असं कुणी शिकवलं असेल तर हे स्तोत्र त्याला वाचायला द्या.

आता माझी स्वतःची फजिती. यिर्मया २९:११ मी लिहून भिंतीवर लावलेलं, हिताचे संकल्प, भवितव्य, आशा. नोकरी गेली तेव्हा आठवड्याभरात काहीतरी होईल म्हणून रोज ते वाचायचे, काही झालं नाही, चिडून तो कागद काढून टाकला. खूप नंतर कळलं की मी दहावं वचन कधी वाचलंच नव्हतं, त्यात ७० वर्षं लिहिलीयेत. हे पत्र बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना आहे, त्यातले म्हातारे तिथेच मरणार होते, त्यांना सांगितलंय घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा. इ.स.पू. ५३८ च्या सुमारास पारसाचा राजा कोरेश यांनी परत जायची परवानगी दिली, पण तोवर कितीतरी जण गेलेले होते. म्हणून नियम करून ठेवा, कुठलंही वचन स्वतःला लावायच्या आधी त्याच्या मागचा आणि पुढचा अध्याय वाचायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या, कुणाला दिलंय, अट आहे का, किती काळासाठी. अनुवाद नावाच्या पुस्तकातल्या २८ व्या अध्यायातल्या आशीर्वादांना अट आहे, उत्पत्ति १५ च्या रात्री अब्रामाला कुठलीच अट घातलेली नाही. आणि लेवीय २६ सलग वाचलं तर शिक्षांची ती लांबलचक यादी संपता संपता ४४ व्या वचनात येतं की तरीसुद्धा मी त्यांच्याशी केलेला करार मोडणार नाही.

नहेम्या ९ साठी पेन्सिल घ्या. अख्खा इतिहास एका प्रार्थनेत आहे. जिथे जिथे "पण", "तरी", "तथापि" असं येईल तिथे गोल करा. आधी माणसांचा "पण", मग देवाचा "तरी", मग परत माणसांचा. गोल मोजत बसू नका, पान लांबून बघा फक्त.

नव्या करारात २ तीमथ्य २:१३ सगळ्यांना पाठ असतं, आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःला नाकारता येत नाही. त्याच्या वरचं १२ वं पण पाठ करा, आपण त्याला नाकारलं तर तोही आपल्याला नाकारील. दोन्ही शेजारी शेजारी लिहिलीयेत आणि ते पत्र लिहिणाऱ्या पौलाने ती घासून गुळगुळीत केलेली नाहीत, आपणही करू नये. मग येशूचा शिष्य पेत्र याने मी त्याला ओळखत नाही म्हणून येशूला नाकारलं त्याचं काय? लूक २२ मध्ये येशू त्याला नाकारायच्या आधीच सांगतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केलीय, आणि तू वळलास की भावांना स्थिर कर. म्हणजे परत येण्याची वाट पडायच्या आधीच करून ठेवलेली. योहान १८ मध्ये पेत्र कोळशाच्या विस्तवाशी शेकत नाकारतो आणि योहान २१ मध्ये किनाऱ्यावर परत कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, आणि येशूचा तीनदा तोच प्रश्न, माझ्यावर प्रीती करतोस का?

आणि ज्या दिवशी आपणच माती खाल्लेली असते त्या दिवशी काय करायचं, तर एवढा सगळा अभ्यास करत बसू नका. १ योहान १:९ उघडा. तिथे क्षमा करायला देव "विश्वासू व न्यायी" आहे असं लिहिलंय, मला आधी वाटायचं तिथे दयाळू असेल. म्हणजे क्षमासुद्धा शब्द पाळण्याचाच भाग झाली. चूक नाव घेऊन सांगा, "काही चुकलं असेल तर" असलं मोघम नको. ज्याचं नुकसान केलंय त्याला भेटा. परिणाम टळावे म्हणून सौदा करू नका, दावीदाचे टळले नव्हते. आणि हे सगळं दुसऱ्याच्या डोक्यावर आपटू नका, कुणी आजारी पडला किंवा कुणाचं घर मोडलं की ही तुझी वाळवंटातली ४० वर्षं असं सांगायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही, ईयोबाच्या मित्रांनी ते करून बघितलं आणि शेवटी बोलणी खाल्ली.

वही भरत आली की शेवटचं पान २ राजे २५ साठी ठेवा. यरुशलेम जळालंय, मंदिर गेलंय, दावीदाच्या घराण्यातला यहोयाखीन बाबेलच्या तुरुंगात ३७ वर्षं पडलाय, आणि तोही चांगला राजा नव्हता, तसं स्पष्ट लिहिलंय. शेवटच्या चार वचनांत नवीन राजा त्याला बाहेर काढतो. हाच माणूस मत्तय १ च्या वंशावळीत यखन्या या नावाने भेटतो. माझ्या वहीत त्या पानावर तिसऱ्या रकान्यात एवढंच आहे: तुरुंगातले कपडे बदलले, राजाच्या पंक्तीला बसवलं, रोज, मरेपर्यंत.